गैरहजेरीचे निदान

जूनच्या मध्यास नव्या शैक्षणिक वर्षाची घंटा वाजते आणि पहिल्या पंधरवड्यातच हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा ओळीने उमटू लागतात. देवळ्यासारख्या तालुक्यात या खुणांचा अर्थ लावण्याची रीत ठरून गेलेली आहे. कांद्याची लागण वा काढणी सुरू असेल तर मूल शेतात गेले, असे धरले जाते. आई-वडील मजुरीसाठी गाव सोडून गेले असतील तर ते स्थलांतरित ठरते. यांपैकी काहीच नसेल तर त्याने दांडी मारली, असा शेरा पडतो. या तिन्ही कप्प्यांत न बसणारे एक मूल मात्र नजरेतून निसटते. ते घरातच असते आणि घरच्यांना ते ठाऊक असते. सकाळी त्याच्या पोटात दुखते, डोके ठणकते, उलटीची भावना होते; दुपार कलली की ते बरे असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या मुलाला आजार आहे की शाळेची धास्ती, हे ठरविण्याची जबाबदारी आज कोणाचीच नाही. चुकीच्या निर्णयाची किंमत मात्र त्या मुलालाच मोजावी लागते.

ही चूक दोन्ही बाजूंनी होते. धास्तावलेल्या मुलाला आजारी समजून महिनोन्‌महिने औषधे दिली जातात आणि खरोखर आजारी असलेल्या मुलाला कामचुकार ठरवून शाळेत ढकलले जाते. पहिल्या चुकीत शिक्षण जाते. दुसऱ्या चुकीत प्रसंगी जीव जातो.

दांडी नव्हे, धास्ती

शाळा चुकविणे आणि शाळेत जाणे अशक्य होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वैद्यकशास्त्राच्या ध्यानात येऊन आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. १९३२ मध्ये ब्रॉडविन या अमेरिकी अभ्यासकाने उनाडपणाने शाळा बुडविणाऱ्या मुलांपासून वेगळ्या, भीतीने घरात बसणाऱ्या मुलांचे वर्णन केले. १९४१ मध्ये ॲडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला शाळेचे भय या अर्थाचे नाव दिले. पुढे १९६९ मध्ये इयान बर्ग आणि सहकाऱ्यांनी तिच्या खुणा निश्चित केल्या. शाळेत जाण्यात तीव्र अडचण, जाण्याची वेळ आली की रडणे वा शारीरिक तक्रारी, पालकांच्या माहितीने घरी राहणे आणि चोरी, खोटेपणा, भटकणे यांसारख्या वर्तनाचा अभाव, या त्या खुणा होत. दांडी मारणारे मूल घरच्यांपासून लपते. हे मूल घराला चिकटते. आज या अवस्थेला शाळेचे भय म्हणण्यापेक्षा शाळा-नकार म्हणणे अभ्यासकांना अधिक योग्य वाटते, कारण मुलाला भीती शाळेचीच असते असे नाही. कोणाला आईपासून दूर होण्याची भीती असते, कोणाला वर्गात उभे राहून वाचण्याची, कोणाला माराची, तर कोणाला आपण घराबाहेर असताना घरात भांडण होईल याची.

हा प्रकार प्रामुख्याने दोन वयांत दिसतो. पहिला शाळाप्रवेशाच्या वेळी, पाच ते सात वर्षांच्या सुमारास. दुसरा अकरा ते चौदा या वयात. दुसरा टप्पा ग्रामीण भागात विशेष कठीण ठरतो. देवळा हा १९९९ मध्ये मुख्यतः कळवणमधून वेगळा झालेला तालुका. गिरणेच्या खोऱ्यातील या तालुक्यात गावठाणाबाहेर मळ्यांत राहणारी वस्ती बरीच आहे. वस्तीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीपर्यंत शिकलेले मूल पाचवीला वा आठवीला मोठ्या गावच्या विद्यालयात जाते. एका शिक्षकाच्या मायेऐवजी दर तासाला नवा शिक्षक येतो. एस.टी. चुकली की उशीर, आणि उशीर झाला की बोलणी. घरात अहिराणी बोलणाऱ्या मुलाला वर्गात पुस्तकी मराठी आणि जोडीला इंग्रजी पेलावी लागते. बहुतेक मुले हे ओझे पेलतात. काहींना ते पेलवत नाही. आणि ते तोंडाने सांगता येत नाही म्हणून शरीर सांगू लागते.

पोटातला गोळा खराच असतो

भीती शरीरात उतरते, हे मराठी भाषेला शास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते, असे आपण रोज बोलतो. मात्र मुलाच्या पोटात तोच गोळा आला की आपण त्याला सोंग म्हणतो. भीतीच्या वेळी शरीरात स्रवणारी द्रव्ये आतड्यांची हालचाल बदलतात, स्नायू आखडतात, हृदयाचे ठोके वाढवितात. आतडे आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंचा अखंड संवाद चालू असतो. म्हणूनच तपासणीत दोष सापडला नाही तरी मुलाची वेदना खोटी ठरत नाही.

ब्रिटनमधील ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुमारे दहापैकी एका मुलाला वारंवार पोटदुखीचा त्रास होता आणि त्यांपैकी बहुसंख्य मुलांत कोणताही शारीरिक विकार आढळला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९७१ मध्ये शाळेच्या भीतीला थोर नकलाकार म्हटले. डोकेदुखी, पोटदुखी, थकवा, चक्कर, सांधेदुखी अशा कोणत्याही आजाराची ती हुबेहूब नक्कल करते, हा त्यांचा मुद्दा होता. या नकलेला प्रथम फसतात ते डॉक्टर आणि पालक.

तपासण्यांचा फेरा

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही फसगत कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. मूल आठवडाभर पोट धरून बसले की प्रथम जंतांचे औषध होते. मग 'अशक्तपणा' म्हणून सलाइन आणि टॉनिक. एका साध्या रक्तचाचणीच्या आधारे 'टायफॉइड' ठरतो. पुढची पायरी सोनोग्राफीची. तीत आतड्यांजवळ लहान गाठी दिसल्याचे अहवालात लिहिलेले असते. अशा लहान लसिकाग्रंथी निरोगी मुलांतही सर्रास दिसतात. पण 'पोटात गाठी' हे शब्द ऐकून घर हादरते. काही वेळा पुरेशा पुराव्याशिवाय क्षयरोगाची औषधेही सुरू होतात आणि सहा महिन्यांसाठी मुलावर रुग्णाचा शिक्का बसतो. याला जोड असते ती नजर, बाधा, भगत आणि नवस यांची. दवाखाना आणि देवस्थान असा फेरा पूर्ण होईतो सहामाही परीक्षा उलटून गेलेली असते.

या काळात मुलाच्या मनात काय घडते, हे अधिक महत्त्वाचे आहे. घरी राहिल्याबरोबर भीती ओसरते, म्हणजे घरी राहणे हेच औषध ठरते. ते रोज घेतले की त्याची सवय लागते. अभ्यास मागे पडतो, मित्रांचे गट बदलतात, परत गेल्यावर 'इतके दिवस कुठे होतास' या प्रश्नाचे भय मूळ भीतीत मिसळते. घरातली माणसे रोज सकाळी 'आज दुखते का' असे विचारतात आणि त्या प्रश्नानेच मुलाचे लक्ष पोटाकडे वळते. प्रत्येक नवी तपासणी मुलाला सांगते की, तुझ्या शरीरात काहीतरी मोठे बिघडले आहे. आजार नसलेले मूल अशा रीतीने खरोखरच दीर्घ आजारी माणसाचे आयुष्य जगू लागते.

उलट चूक अधिक घातक

एवढे वाचून 'मग मुलांच्या दुखण्याकडे लक्षच देऊ नये' असा निष्कर्ष काढणे हे त्याहून मोठे संकट होय. देवळ्याच्या शेजारील कळवण आणि पलीकडील सुरगाणा, पेठ हे आदिवासीबहुल तालुके. राज्यातील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा उठतात. थंडी, पाण्याची कमतरता, अतिश्रम किंवा ताप यांमुळे कळांचा झटका येतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात मूल चारचौघांसारखे खेळते. बाहेरून व्रण नाही, सूज नेहमी नसते, ताप असेलच असे नाही. हिवाळ्यातील सकाळी मैदानावर कवायत करण्यास नकार देणारे असे मूल शिक्षकाला आळशी वाटले तर नवल नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तीत रक्ततपासणीवर भर आहे. पण रोगी मुलाच्या गैरहजेरीचा अर्थ शाळेला समजला नाही, तर तपासणीचे कार्ड दप्तरातच राहील.

सिकलसेल हे एक उदाहरण झाले. बालवयातील मधुमेहात वारंवार लघवीला जाणारे मूल वर्गात खोडकर ठरते आणि त्याची पोटदुखी व उलटी ही प्रत्यक्षात जिवावर बेतणारी अवस्था असू शकते. घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा निकामी करू शकतो. वेळीच ओळखला तर ठरावीक अंतराने घ्यावयाच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने पुढची हानी टाळता येते. राज्यातील किशोरवयीन मुलींत निम्म्याहून अधिक जणी रक्तक्षयी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. त्यांचा थकवा हा कंटाळा नव्हे. मासिक पाळीतील तीव्र वेदनांमुळे दरमहा दोन-तीन दिवस घरी राहणारी मुलगी तर कारणही सांगू शकत नाही. आणि अस्वच्छ स्वच्छतागृहामुळे दिवसभर शौच वा लघवी रोखून धरणाऱ्या मुलाची पोटदुखी? ती शारीरिकही असते आणि शाळेने निर्माण केलेलीही. येथे 'शरीर की मन' हा प्रश्नच अपुरा ठरतो.

मुलाच्या तक्रारीवर अविश्वास दाखविल्याची किंमत महाराष्ट्राने अनुभवलेली आहे. राज्यातील आश्रमशाळांत होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा विचार करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि २०१६ मध्ये तिने अहवाल दिला. या शाळांचा कारभार पाहणारे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. निवासी शाळेत आजारी मुलाने तक्रार करायची ती शिक्षकाकडे वा अधीक्षकाकडे. 'घरची आठवण येते म्हणून बहाणा करतो' असे त्याने ठरविले, तर त्या मुलाला दुसरे दार उरत नाही.

ओळखावे कसे?

या दोन चुकांमधून वाट काढण्यासाठी काही सर्वमान्य खुणा उपयोगी पडतात. झोपेतून उठविणारी वेदना, घटणारे वजन, खुंटलेली उंची, पुन्हा पुन्हा येणारा ताप, शौचातून वा उलटीतून रक्त, सांध्यांची सूज, वाढलेली तहान, डोळ्यांचा पिवळेपणा यांपैकी एकही लक्षण असेल तर प्रथम शरीराचा आजार शोधला पाहिजे. पोटदुखी बेंबीपासून जितकी दूर, तितकी शारीरिक कारणाची शक्यता अधिक, असे ॲप्ली यांनी सांगून ठेवले आहे. याउलट रविवारी व सुटीत न होणारी, सोमवारी व दिवाळीच्या सुटीनंतर बळावणारी, शाळेची वेळ टळताच थांबणारी वेदना धास्तीकडे बोट दाखविते.

मात्र शेवटची खूण एकटी पुरेशी नाही. दमा पहाटे वाढतो. उठून उभे राहताच रक्तदाब वा नाडी बिघडणाऱ्या विकारात मुलाची सकाळच सर्वांत वाईट असते आणि संध्याकाळी ते टवटवीत दिसते. दीर्घकालीन थकव्याच्या आजारात एका दिवसाच्या श्रमाचा परिणाम दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी दिसतो. शिवाय एकाच मुलाला आजारही असू शकतो आणि त्या आजारामुळे शाळेची भीतीही. वर्गात चक्कर येऊन पडलेले मूल पुन्हा सर्वांसमोर पडण्याच्या भीतीने घरी राहते, तेव्हा केवळ एका कारणावर बोट ठेवणारा डॉक्टर अर्धेच निदान करतो.

अध्ययन अक्षमता हे आणखी एक दडलेले कारण. अक्षरओळख वा गणित मेंदूच्या वेगळ्या जडणघडणीमुळे जमत नाही आणि ते मूल रोज वर्गात अपमानित होते. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ मध्ये सुरुवात केली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश झाला. पण प्रमाणपत्रासाठी शहरातील मोठे रुग्णालय गाठावे लागते. मळ्यातल्या कुटुंबाला मुळात अशी काही अवस्था असते हेच कोणी सांगितलेले नसते.

उपाय परस्परविरोधी

निदानाचा एवढा आग्रह का, याचे उत्तर उपचारात आहे. धास्तावलेल्या मुलावरील उपाय म्हणजे लवकरात लवकर आणि टप्प्याटप्प्याने शाळेत परतणे. प्रथम एक तास, मग मधल्या सुटीपर्यंत, मग पूर्ण दिवस. वेदना झाली तर घरी धाडण्याऐवजी शाळेतच थोडा वेळ विसावा आणि पुन्हा वर्ग. सोबत भीतीचे मूळ कारण शोधून ते दूर करणे, मग ते कारण मारणारा शिक्षक असो वा छळणारी मुले. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केलेली आहे, याचे स्मरण येथे अप्रस्तुत ठरू नये.

खरोखर आजारी मुलावर हीच पद्धत लादली तर ते आणखी खचते. ब्रिटनमध्ये याचा धडा मिळाला. दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांना ठरावीक क्रमाने व्यायाम वाढवीत नेण्याची शिफारस तेथील 'नाइस' या अधिकृत संस्थेने २००७ मध्ये केली होती. ऑक्टोबर २०२१ च्या नव्या मार्गदर्शिकेत ती मागे घेण्यात आली. अशा मुलांच्या बाबतीत मुलाला शाळेसाठी बदलण्याऐवजी शाळेला मुलासाठी बदलावे लागते. सिकलसेलच्या मुलाला पाण्याची बाटली, उबदार कपडे आणि कवायतीतून सूट. मधुमेही मुलाला इंजेक्शनसाठी जागा आणि वेळेवर खाण्याची मुभा. रक्तक्षयी मुलीला लोहाच्या गोळ्या. यांतील काहीही फार खर्चाचे नाही.

दोन नोंदवह्या, एक मूल

प्रश्न यंत्रणेच्या अभावाचा नाही, हे विशेष. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातील सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाली. त्याची वैद्यकीय पथके वर्षातून एकदा शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. हृदयविकार, दमा, रक्तक्षय, अध्ययनातील दोष यांचा त्यांच्या यादीत समावेश आहे. पण ही तपासणी शाळेत होते. जे मूल शाळेत येत नाही, नेमके तेच तपासणीतून सुटते. हजेरीपट शिक्षण खात्याचा, आरोग्यपत्रिका आरोग्य खात्याची. एकाच मुलाच्या या दोन नोंदी एका टेबलावर येत नाहीत.

शाळाबाह्य मुलाच्या व्याख्येतही हीच फट आहे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर झालेल्या शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात प्रवेश घेऊनही सलग एक महिन्याहून अधिक काळ गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य मानले गेले. यातील 'सलग' हा शब्द कळीचा आहे. दर आठवड्याला दोन दिवस पोट दुखते म्हणून घरी राहणारे मूल सहावी ते आठवीच्या २२० दिवसांच्या वर्षात सत्तरहून अधिक दिवस गमावते, पण त्या व्याख्येत कधीच बसत नाही. जपानमध्ये वर्षभरात एकूण तीस दिवसांची अनुपस्थिती मोजली जाते आणि आजारपण वा गरिबी यांमुळे झालेली अनुपस्थिती त्यातून वेगळी काढली जाते. २०२३-२४ या वर्षात तेथील प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत अशी ३ लाख ४६ हजारांहून अधिक मुले आढळली. आकडा भयावह आहे. पण तो मोजला जातो म्हणून त्यावर सार्वजनिक चर्चा होते. आपल्याकडे प्रश्न लहान आहे की मोठा, हे सांगण्यासाठी हजेरीपटात कारणाचा रकानाच नाही.

उपाय तालुका पातळीवरच सुरू होऊ शकतो. महिन्यात चार दिवसांहून अधिक गैरहजर राहिलेल्या प्रत्येक मुलाचे कारण वर्गशिक्षकाने घरी जाऊन नोंदवावे. केंद्रप्रमुखाने ती यादी दरमहा बाल स्वास्थ्य पथकाकडे द्यावी आणि पथकाने त्या मुलांना प्राधान्याने, गरज पडल्यास घरी जाऊन तपासावे. शारीरिक आजार सापडला तर काय सवलती द्याव्यात, हे डॉक्टरने शाळेला लिहून द्यावे. सापडला नाही तर तेथेच तपासण्या थांबवून शाळेत परतण्याचा आराखडा पालक, शिक्षक आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवावा. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्यात नसला तरी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. पथकावर कामाचा बोजा आहे आणि शिक्षकावर अशैक्षणिक कामांचा, हे खरे. पण साऱ्या शाळेची वरवरची तपासणी करण्यापेक्षा न येणाऱ्या दहा मुलांची नीट विचारपूस करणे अधिक फलदायी ठरेल.

मूल शाळेत येत नाही, ही बातमी प्रथम शिक्षकाला कळते. त्याला काय होते, हे प्रथम आईला कळते. आणि का होते, हे शोधण्याची साधने डॉक्टरकडे असतात. हे तिघे एकमेकांशी बोलत नाहीत तोवर गैरहजेरीच्या खुणेमागे भीती आहे की आजार, हे केवळ दैवावर सोपविल्यासारखे होईल. आजारी मुलाला आळशी म्हणण्याचा आणि घाबरलेल्या मुलाला रुग्ण करण्याचा अधिकार कोणत्याही व्यवस्थेला नाही.